कधी, किती वेळा, कुठे

एचआयव्ही झालेला माणूस नेमका कशाने मरतो, याचं मुंबईपुरतं उत्तर जे. जे. रुग्णालयाच्या शवविच्छेदन विभागातून आलं. ग्रँट मेडिकल कॉलेजचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. डी. एन. लांजेवार आणि त्यांचे सहकारी 1988 पासून एड्सने दगावलेल्या रुग्णांची शवविच्छेदनं करत होते. त्या काळात असा मृतदेह हाताळायला पुष्कळ ठिकाणी नकार मिळायचा. लांजेवारांनी बारा वर्षांच्या नोंदी एकत्र करून 2001 मध्ये फुप्फुसांविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. 143 रुग्णांच्या फुप्फुसांपैकी जवळपास 59 टक्के फुप्फुसांत क्षयरोग सापडला. अमेरिकेतल्या पाठ्यपुस्तकांत एड्सचा फुप्फुसांतला प्रमुख शत्रू म्हणून न्यूमोसिस्टिस या बुरशीजन्य न्यूमोनियाचं नाव होतं. मुंबईच्या टेबलावर तो पाच टक्क्यांच्या आसपासच निघाला.

मला हा निबंध फार महत्त्वाचा वाटतो. परदेशातलं ज्ञान जसंच्या तसं उचललं असतं, तर इथले डॉक्टर चुकीच्या आजाराची वाट बघत बसले असते. आणि एचआयव्हीचे उपचार क्षयरोगाला वगळून होणारच नाहीत, हे या शहराला त्याच्या स्वतःच्या मृतांनी सांगितलं.

एचआयव्हीसोबत क्षय इतका का येतो, याचं कारण शरीराच्या आत आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या फुप्फुसांत क्षयाचे जंतू शिरलेले असतात आणि तिथेच गप्प पडून असतात. पांढऱ्या पेशी त्यांच्याभोवती कडं करून बसतात. निरोगी माणसाच्या बाबतीत ते कडं आयुष्यभरात मोडण्याची शक्यता शंभरात पाच ते दहा. एचआयव्ही ज्या सीडी4 पेशी मारतो, त्याच या पहाऱ्याच्या सूत्रधार. त्या घटल्या की जेवढा धोका आयुष्यभरात असतो, जवळपास तेवढा दर वर्षी येतो. शिवाय अशा रुग्णाचा क्षय ओळखणंही कठीण. प्रतिकारशक्तीच दुबळी असल्याने फुप्फुसात पोकळी पडत नाही, एक्स-रे फारसा बिघडलेला दिसत नाही, बेडक्यात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू सापडत नाहीत. माणूस वाळत जातो, संध्याकाळी ताप येतो आणि रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2023 मध्येही जगात सुमारे 1 लाख 61 हजार एचआयव्हीबाधित क्षयरोगाने गेले.

निदानाची ही गाठ सोडवली ती जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या यंत्रांनी. त्यातल्या सीबीनॅटला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2010 मध्ये मान्यता दिली. जंतू आहे की नाही आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देईल की नाही, हे दोन तासांत कळू लागलं. पुढे गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट आलं. बॅटरीवर चालणारं हे छोटं यंत्र वातानुकूलित खोलीची वाट बघत नाही. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यालाही मान्यता दिली.

पण हा लेख यंत्रांविषयी नाही. गेल्या वीस वर्षांतल्या एचआयव्ही-क्षय संशोधनाकडे बघताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. सर्वांत जास्त जीव वाचवणारे शोध नव्या औषधांचे नव्हते. औषधं हाताशी होती. ती कधी सुरू करायची, आठवड्यातून किती वेळा द्यायची आणि कुठे द्यायची, हे प्रश्न कुणीतरी नीट विचारले आणि प्रामाणिकपणे तपासले. वरवर बघता हे प्रश्न कारकुनी वाटतात. त्यांच्या उत्तरांवर माणसं जगली किंवा मेली.

1 एप्रिल 2004 रोजी भारत सरकारने एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या मोजक्या केंद्रांत जे. जे. होतं आणि तिथे डॉ. अलका देशपांडे यांच्या हाताखाली एआरटी सेंटर, म्हणजे ही औषधं देणारं केंद्र, उभं राहिलं. बोरिवली, मुलुंड, मानखुर्दहून लोक भायखळ्याच्या या रुग्णालयात येऊ लागले. त्यातल्या अनेकांना क्षय होता. डॉक्टरांपुढे पेच पडला: दोन्ही औषधं एकदम सुरू करायची का?

त्या वेळचं शहाणपण सांगायचं, आधी क्षय बरा करा. कारणं खरी होती. गोळ्या मूठभर, कावीळ दोन्हीकडून, अंगावर पुरळ आलं तर कोणत्या औषधाने ते कळत नाही. शिवाय एक विचित्र धोका होता, डॉक्टर त्याला आयरिस म्हणतात. एचआयव्हीची औषधं लागू पडली की झोपलेली प्रतिकारशक्ती जागी होते आणि समोर दिसणाऱ्या क्षयाच्या जंतूंवर तुटून पडते. गाठी सुजतात, ताप चढतो, फुप्फुसात पाणी होतं. औषध घेतल्यावर प्रकृती बिघडली, म्हणजे औषधच वाईट, असं घरच्यांना वाटतं आणि गोळ्या बंद होतात.

दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनमध्ये सलीम आणि कुरैशा अब्दुल करीम या दांपत्याच्या गटाने 642 रुग्णांवर ‘सॅपिट’ ही चाचणी केली. क्षयाचा उपचार चालू असतानाच एचआयव्हीची औषधं सुरू केलेल्यांमध्ये मृत्यू 56 टक्क्यांनी कमी झाले. फरक इतका मोठा होता, की क्षयाचा उपचार संपेपर्यंत थांबवलेल्या गटालाही लगेच औषधं द्या, असं देखरेख समितीने सांगितलं. मग कंबोडियात 661 रुग्णांवर ‘कॅमेलिया’ झाली. आठ आठवडे थांबायचं की दोनच? 2011 मधल्या निकालात दोन आठवडेवाल्यांत मृत्यू 34 टक्क्यांनी कमी. आयरिस त्यांच्यात जास्त झाला, तरीही जगले जास्त. त्याच वर्षी व्हिएतनाममधून एक अपवाद पुढे आला. क्षय मेंदूच्या आवरणात असेल तर घाईचा फायदा नाही, तिथे थांबावं.

म्हणजे शहाण्या माणसांनी काळजीपोटी सांगितलेली प्रतीक्षाच कित्येकांना घेऊन गेली होती. यात कुणाचा दोष नव्हता. चाचणी होईपर्यंत कळायला मार्गच नव्हता.

दुसरी अडचण औषधांच्या आपसातल्या भांडणाची. तिच्यात मुंबईची उपनगरं थेट गुंतलेली आहेत.

घाटकोपरहून लाल बहादूर शास्त्री मार्गाने मुलुंडकडे जाताना विक्रोळी लागते. सिप्लाने तिथे 1960 मध्ये कारखाना काढला. याच कंपनीच्या युसूफ हमीद यांनी फेब्रुवारी 2001 मध्ये एचआयव्हीवरची तीन औषधं वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ, असं जाहीर केलं तेव्हा जगभरच्या औषध कंपन्या हादरल्या. तोवर त्याच औषधांना दहा हजार डॉलरच्या वर मोजावे लागत. तिन्ही औषधं एका गोळीत घालून सिप्लाने गरीब देशांतली उपचारांची अडचण निम्मी केली. क्षयाच्या बाजूला अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये मॅक्लिओड्सचं मुख्यालय आहे. क्षयाच्या संयुक्त गोळ्या या कंपनीने जगभर पुरवल्या. पाण्यात विरघळणाऱ्या, लहान मुलांना वजनाप्रमाणे देता येणाऱ्या क्षयाच्या गोळ्याही 2015 च्या अखेरीस प्रथम तिनेच आणल्या. त्याआधी आया मोठ्यांची गोळी चुरून, अंदाजाने भाग करून मुलांना पाजत.

आता पेच बघा. क्षयावरचं सर्वांत प्रभावी औषध रिफाम्पिसिन. ते यकृतातल्या विकरांना इतकं चेतवतं, की सोबतची दुसरी औषधं शरीर झपाट्याने मोडून बाहेर टाकतं. सिप्लाच्या त्या स्वस्त गोळीतलं नेव्हिरापिन याच तडाख्यात सापडायचं. विक्रोळी आणि मरोळ, दोन्हींकडची औषधं एकेकटी जीवनदायी. एका पोटात गेली की एक दुसऱ्याला निष्प्रभ करणार.

चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेत डॉ. सौम्या स्वामिनाथन यांच्या गटाने 116 रुग्णांवर सरळ तुलना केली. रिफाम्पिसिनसोबत काहींना नेव्हिरापिन, काहींना एफाव्हिरेंझ. नेव्हिरापिनच्या गटात अपयश आणि मृत्यू जास्त दिसले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. सरकारी कार्यक्रमात क्षयाच्या रुग्णाला एफाव्हिरेंझ द्यायचा नियम होताच. त्याला इथल्याच रुग्णांचा पुरावा मिळाला.

आज भारतात पहिली पसंती डॉल्युटेग्राविरला आहे. त्यालाही रिफाम्पिसिन सोडत नाही, म्हणून क्षयाचा उपचार चालू असेपर्यंत आणि नंतरचे दोन आठवडे 50 मिलिग्रॅमची एक जादा गोळी बारा तासांच्या अंतराने घ्यावी लागते. कागदावर हे एका ओळीत मावतं. पण विरारहून सकाळी निघून मरोळच्या कंपनीत पाळीवर जाणाऱ्या माणसाची ती बारा तासांनंतरची वेळ परतीच्या लोकलमध्ये येते. चौथ्या सीटवर टेकलेला माणूस शेजाऱ्याच्या नजरेसमोर डबी काढेल का? बरेच जण गोळ्या आधीच साध्या पुडीत काढून ठेवतात, नावाची चिठ्ठी फाडतात. केपटाऊनमधल्या ‘रेडिअंट-टीबी’ या 108 जणांच्या छोट्या चाचणीत 2023 मध्ये असं दिसलं, की जादा गोळी न घेणाऱ्यांतही विषाणू तितकाच आटोक्यात राहतो. संख्या लहान आहे, त्यामुळे अजून नियम बदललेला नाही. पण हा प्रश्न कुणीतरी विचारला याचं मला समाधान वाटतं. एक गोळी कमी होणं म्हणजे काय, हे लोकलच्या डब्यात उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आता किती वेळा, हा प्रश्न.

1997 पासून देशात डॉट्सची मोहीम पसरली. आरोग्य सेवकासमोर, दिवसाआड, आठवड्यातून तीनदा गोळ्या. हेतू चांगला होता. रोज समोर बसवून गोळ्या देणं जमण्यासारखं नव्हतं. क्षयाचे जंतू सावकाश वाढतात, म्हणून दिवसाआडही चालतं, असं जुन्या अभ्यासांवरून मानलं जाई. एचआयव्ही नसलेल्या लाखो लोकांना त्यातून गुणही आला. ज्यांची प्रतिकारशक्तीच उरलेली नाही त्यांचं काय? औषध रक्तातून उतरलेल्या दिवशी जंतूंना आवरणारं त्यांच्या शरीरात दुसरं कुणीच नसतं.

चेन्नईच्या त्याच क्षयरोग संशोधन संस्थेच्या डॉ. गोपालन नरेंद्रन यांच्या गटाने दक्षिण भारतात 331 एचआयव्हीबाधित रुग्ण घेतले आणि तीन गट केले: रोज औषध, पहिले काही महिने रोज आणि मग दिवसाआड, आणि सुरुवातीपासून दिवसाआड. चांगला परिणाम अनुक्रमे 91, 80 आणि 77 टक्के. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे उपचार चालू असतानाच चार रुग्णांच्या जंतूंनी रिफाम्पिसिनला दाद देणं सोडलं. ते चौघेही दिवसाआडच्या गटातले. देखरेख समितीने चाचणी तिथेच थांबवली. हा निबंध 2018 मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला. तोपर्यंत धोरण बदललेलं होतं. आधी एआरटी सेंटरमधल्या रुग्णांना आणि महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांना, मग ऑक्टोबर 2017 च्या अखेरीपासून सगळ्या देशाला रोजचा उपचार मिळू लागला. जानेवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही त्यासाठी सरकारला सांगावं लागलं होतं.

मला इथे राग येतो, तो लपवण्याचं कारण दिसत नाही. दिवसाआडच्या उपचाराने एचआयव्हीबाधितांत रिफाम्पिसिनचा प्रतिरोध तयार होतो, अशी सूचना चेन्नईच्याच संशोधकांनी 2010 मध्ये दिली होती. त्यानंतर एवढी वर्षं गेली. जगातल्या सर्वाधिक क्षयरुग्णांच्या देशाने स्वतःच्या संशोधकांचं ऐकायला इतका वेळ घ्यायला नको होता.

रोज गोळी आली की रोज बघणार कोण, हा प्रश्नही आला. त्यावर 99डॉट्स नावाची युक्ती निघाली आणि ती एचआयव्ही-क्षय रुग्णांपासूनच मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. गोळ्यांच्या पत्त्याला कागदी वेष्टन. गोळी दाबून काढली की मागे लपलेला फोन नंबर दिसतो, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. गोळी घेतल्याची नोंद आपोआप. चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईत संशोधकांनी ही नोंद पडताळून पाहिली. न सांगता रुग्णाच्या घरी जायचं, लघवीचा नमुना घ्यायचा, औषधाचा अंश आहे का ते बघायचं. नोंद आणि लघवी यांचा मेळ नेहमी बसला नाही. कुणी कॉल केला होता पण गोळी घेतली नव्हती, कुणी गोळी घेतली होती पण कॉल केला नव्हता. घरात एकच फोन, तोही नवऱ्याच्या खिशात. एचआयव्हीची गोष्ट घरात सांगितलेली नाही, मग रोज एका अनोळखी नंबरला कॉल लावायचा कसा? तंत्र चांगलं की वाईट, हा वाद मला गौण वाटतो. पडताळणी करणारे लोक लघवीची बाटली घेऊन वस्तीत गेले, म्हणून खरं काय ते कळलं.

कुठे, या प्रश्नाचा पाया तर 1959 चा. मद्रासमधल्या अभ्यासात आरोग्यधामात ठेवलेले आणि घरीच औषध घेणारे क्षयरुग्ण सारख्याच प्रमाणात बरे झाले आणि घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. तिथून आरोग्यधामांचं युग संपलं. मात्र औषधाला न जुमानणारा क्षय आणि एचआयव्ही एकत्र आले, की डॉक्टरांचा हात पुन्हा खाटेकडेच जाई. मुंबईत खाट म्हणजे शिवडीचं क्षयरोग रुग्णालय. तिथल्या वॉर्डात असे दोन्ही आजारांचे रुग्ण एकत्र ठेवणं म्हणजे लागणीलाच आमंत्रण.

‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ अर्थात एमएसएफच्या खारमधल्या दवाखान्याने मे 2007 पासून उलटं करून बघितलं. सरकारी एआरटी सेंटर आणि वस्त्यांतल्या संस्था संशयित रुग्ण तिथे पाठवत. उपचार घरीच चालायचा. गोळ्या आणि इंजेक्शनं घराजवळच्या माणसाकडून, त्याच्या देखरेखीखाली. एचआयव्हीची औषधं चालू नसतील तर ती दोन महिन्यांच्या आत सुरू. डॉ. पेट्रोस इसाकिडिस आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये अशा 58 रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. एचआयव्ही आणि बहुऔषधप्रतिरोधी क्षय एकत्र असलेल्यांच्या उपचारांचं काय होतं, हे भारतातून प्रथमच छापून आलं. मृत्यू झाले, काहींनी उपचार सोडले. पण मुंबईच्या झोपडपट्टीत राहून, एवढी जड औषधं घेऊन माणसं बरी होऊ शकतात, हे सिद्ध झालं. तोवर अशा रुग्णाला ‘आता काही उपयोग नाही’ असं सांगण्याची सोय होती, ती संपली.

जड औषधं म्हणजे किती जड? तेव्हा वीस-चोवीस महिने. त्यातले किमान सहा महिने रोज कानामायसिनसारखं इंजेक्शन. ते ऐकू येणं कायमचं घालवू शकतं. सायक्लोसेरीनने मन भ्रमिष्ट होतं, एफाव्हिरेंझनेही वाईट स्वप्नं पडतात, दोन्ही एकदम चालू. खारच्या गटाने पुढे दाखवलं, की या रुग्णांत थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण फार मोठं आहे. इथिओनामाइड आणि पास या औषधांचा तो परिणाम. थकवा, सूज, उदासी, हे सगळं आजाराच्या खात्यावर टाकलं जात होतं आणि थायरॉइडची एक स्वस्त गोळी दिली की त्यातलं बरंच कमी होण्यासारखं होतं.

असा प्रतिरोधी क्षय शहरात इतका आला कुठून? 1991 मध्ये डॉ. मुकुंद उपलेकर यांनी मुंबईतल्या झोपडपट्ट्यांतल्या खासगी डॉक्टरांना क्षयाचं प्रिस्क्रिप्शन लिहायला सांगितलं. शंभर डॉक्टरांनी ऐंशी वेगवेगळ्या पद्धती लिहिल्या. जवळपास वीस वर्षांनी हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी धारावीत तेच केलं. 106 डॉक्टर, 63 पद्धती, बरोबर लिहिणारे सहा. वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये डॉ. नर्गिस मिस्त्री यांच्या गटाला 2009 मध्ये मुंबईतल्या त्यांनी तपासलेल्या नव्या रुग्णांतही 24 टक्क्यांत बहुऔषधप्रतिरोधी क्षय सापडला. चुकीच्या मात्रेने पोसलेला हा जंतू मग सर्वांत दुबळ्या शरीरात, म्हणजे एचआयव्ही असलेल्या शरीरात, सर्वांत आधी पसरतो.

इंजेक्शनांपासून सुटका झाली ती बेडाक्विलिन या गोळीने. एफाव्हिरेंझसोबत तिचं रक्तातलं प्रमाण घटून जातं. डॉल्युटेग्राविरसोबत तसं होत नाही, त्यामुळे एचआयव्हीबाधितांची वाट मोकळी झाली. तिच्या पेटंटची मुदत वाढवण्याचा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने 23 मार्च 2023 रोजी फेटाळला. त्याला आव्हान देणाऱ्यांत मुंबईची पत्रकार नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले या दोघी होत्या. क्षयातून उठताना औषधांनी दोघींचंही ऐकणं हिरावलं होतं. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिनवर आधारलेला सहा महिन्यांचा, पूर्णपणे गोळ्यांचा बीपाम उपचार मंजूर केला.

‘कुठे’चं आणखी एक अंग आहे, ते औषधाच्या आधीचं. हार्बर लाइनवर गोवंडी-मानखुर्दला उतरलं की नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लुभाई कंपाउंडच्या इमारती दिसतात. प्रकल्पग्रस्तांना दिलेली घरं. ‘डॉक्टर्स फॉर यू’ आणि पवईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी एमएमआरडीएच्या पाठबळावर एम-पूर्व वॉर्डातल्या अशा तीन वसाहती तपासल्या. जिथे इमारती एकमेकींना खेटून, खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही, तिथे क्षय जास्त. नटवर पारेखमध्ये दहापैकी एका माणसाला क्षय झाल्याचं आढळलं. जंतू हवेत तासन्‌तास तरंगतो, सूर्यप्रकाशात मरतो. नळ, संडास, वीज असलेलं पक्कं घर मिळालं आणि हवा गेली. एचआयव्ही असलेला माणूस अशा खोलीत रोज झोपणार असेल, तर एआरटी सेंटरने त्याचा क्षय एकदा बरा करून भागत नाही.

म्हणून क्षय होण्याआधीच औषध द्यायचं. एआरटी सेंटरमध्ये क्षय नसलेल्यांना सहा महिने आयसोनियाझिड दिलं जातं. त्यातही पुण्याने एक धडा दिला. बी. जे. मेडिकल कॉलेजमध्ये आणि इतर देशांत मिळून एचआयव्ही असलेल्या 956 गरोदर स्त्रियांवर चाचणी झाली. हे औषध गरोदरपणात द्यावं की बाळंतपणानंतर? त्याआधी गरोदर बायकांना चाचण्यांतून वगळलं जाई आणि नियम मात्र त्यांनाही लागू होई. 2019 च्या निकालात गरोदरपणात औषध घेतलेल्यांमध्ये गर्भपात, कमी दिवसांची किंवा कमी वजनाची बाळं यांचं प्रमाण जास्त निघालं, आणि क्षय कमी झाला असं काही दिसलं नाही. पुढच्या अभ्यासांतून वेगळे निष्कर्षही आले, जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस बदललेली नाही, वाद चालू आहे. पण आता तो वाद खऱ्या गरोदर स्त्रियांच्या आकड्यांवर चालतो. बारा आठवड्यांचं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं रिफापेंटिन-आयसोनियाझिड आलं आहे, एक महिन्याचंही आहे. त्यातलं गरोदर बाईला कोणतं आणि कितव्या महिन्यात द्यावं, यावर संशोधन चालू आहे.